गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिकांस अनावृत पत्र

मागील पाच वर्षांच्या समस्त प्रश्नपत्रिका-भगिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत आणि कोलशेतच्या आमच्या घरात सध्या कुलदैवताच्या खालोखाल तुमचा मान आहे. झेरॉक्सवाल्याकडून तुम्हाला स्पायरल बाइंडिंगमध्ये सजवून आणलं, त्याला आता तीन आठवडे झाले.

चिरंजीव तुम्हाला सोडवत नाहीत, पंचांगासारखं वाचतात. ‘पायथागोरसचं प्रमेय मार्चला आलं, जुलैच्या पुरवणीला नाही, म्हणजे यंदा नक्की.’ पुस्तकातलं संभाव्यतेचं प्रकरण अजून कोरं आहे, पण संभाव्यता मात्र अशी अखंड चालू असते. (आमच्या वेळी बीजगणित ७५, भूमिती ७५ असा दीडशेचा मामला होता आणि मीही ‘एकवीस अपेक्षित’च्या भरवशावर होतो. हे घरात बोलू नये, ही विनंती.)

तुमचा खरा गुण कोणी विचारातच घेत नाही. भाग एक असो वा दोन, ४० गुणांना दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, चार गुणांच्या गणिताला बारा. हे घड्याळ अंगात मुरवायला तुमच्याइतकी स्वस्त सोय नाही. पण चिरंजीव शनिवारी संध्याकाळी तुम्हाला हातात घेतात आणि मंगळवारी ठेवतात. मध्ये क्रिकेट, फ्रिजच्या अगणित फेऱ्या, मांडीवर उघडं उत्तरपुस्तक. मग स्वतःच दयाळू तपासनीस होऊन ४० पैकी ३६ देतात. शेजारच्या काकूंना ते ३६ तोंडपाठ आहेत.

‘कृती पूर्ण करा’ म्हणून तुम्ही रिकाम्या चौकटी ठेवता. चिरंजीवांनी त्या चौकटींतली उत्तरं ओळीने पाठ केली आहेत. चौकटी हलल्या तर? ‘असं करत नाहीत, बाबा.’ तुमच्यावर एवढा विश्वास तर बँकेवरही नाही कोणाचा.

परवाचीच गोष्ट. तुमचं लाडकं गणित: दीपगृह ९० मीटर उंच, अवनत कोन ६०°, √३ = १.७३, जहाज किती दूर? चिरंजीव झोपेतही ५१.९० मीटर सांगतात. मी म्हटलं, चला, खिडकीशी या. कोलशेतचे कारखाने गेले, टॉवर आले. त्यातल्याच एकाच्या विसाव्या मजल्यावर आम्ही राहतो आणि खाली खाडी दिसते. खाडीत एक होडी होती. ‘समज, आपण ६० मीटरवर आहोत आणि होडीचा अवनत कोन ३०°. ती किती दूर?’ त्यांनी होडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुमची पानं चाळू लागले.

‘बाबा, इमारतीवरून होडी नाही येत. दीपगृहावरून जहाज येतं.’

शेवटी वाणसामानाच्या बिलाच्या पाठीवर १०३.८० मीटर मीच काढलं. त्यावर ‘पण हे कुठल्या सालचं?’ अशी पृच्छा झाली. तेव्हा यंदाच्या मार्चला तुमची जी धाकटी बहीण येईल, तिला एक निरोप द्यावा: दीपगृहाला थोडी सुट्टी द्या, एखादा टॉवर घ्या. आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आपला,
एक बाप, कोलशेत

ता. क. मी गुणाकार करेपर्यंत होडी पुढे निघून गेली होती. ते दाखवलं तर चिरंजीव म्हणाले, ‘जहाज स्थिर आहे असं मानायचं असतं.’