बुधवार रिकामा आहे

समुद्रकिनाऱ्यावर जाऊन नुसतं बसून राहिल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. वास्तविक सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या राज्यात आम्ही जन्मलो. आई तर गुहागरची, म्हणजे समुद्र तिच्या माहेरच्या मागच्या दाराशी. पण तिच्या लेखी समुद्र म्हणजे पापड सादळवणारी हवा. वर्षानुवर्षं ठाण्यात राहून आम्हीही चौपाटीवर गेलो ते भेळ खायला. भेळ संपली की उठायचं, चड्डीची वाळू झटकायची आणि लोकल गाठायची.

त्यामुळे ‘‘या वेळी देवदर्शन नाही, किल्ले नाहीत, नातेवाईक नाहीत, आठवडाभर एखाद्या बीचवर जाऊन काहीही करायचं नाही,’’ असं लेकीने जाहीर केलं तेव्हा सगळे गप्प झाले. शेवटी ताईने विचारलं, ‘‘काहीही नाही म्हणजे नक्की काय काय?’’

ठिकाण ठरायला फार वेळ लागला नाही. गोवा पहिल्या फेरीत बाद झाला, कारण गोव्याला आपल्याच सोसायटीतले लोक भेटतात, फक्त अर्ध्या चड्डीत. मालदीवच्या पाण्यावर बांधलेल्या खोल्यांचे फोटो आईला दाखवले. ती म्हणाली, ‘‘खाली पाणी? मग अंथरूण ओलसर लागत असणार.’’ बालीसाठी पासपोर्ट शोधले, तर भाऊजींच्या पासपोर्टची मुदत संपून इतकी वर्षं झालेली की आतल्या फोटोत त्यांना भांग होता. मग कोणी तरी अंदमान म्हणालं आणि विरोधच मावळला. बीचसाठी एवढा खर्च करायला आमच्याकडे कोणी तयार नव्हतं. सेल्युलर जेलसाठी नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मराठी माणूस अंदमानला जातो तो निळ्या पाण्यासाठीही जातो, पण सांगताना आधी जेल सांगतो. माझं यावर काही म्हणणं नाही. दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात होत असतील तर मन मोठं ठेवावं.

आखणीचं काम भाऊजींनी मागून घेतलं. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, एका शाळेतून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. सहामाही, वार्षिक, तोंडी, प्रात्यक्षिक असली वेळापत्रकं लावण्यात त्यांची हयात गेली. कोणता वर्ग कुठे, कोणाचा पेपर कधी, कोणत्या खोलीवर कोण, यातलं त्यांचं सुख अजून संपलेलं नाही. रविवारी ते तक्ता घेऊनच आले. वार, वेळ, स्थळ, साधन, पर्यवेक्षक आणि शेरा असे रकाने. शनिवारी निघून पुढच्या शनिवारी परत. मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून दोन तासांवर पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक बेटावर किनाऱ्यांना चक्क नंबर आहेत, राधानगरचा सात, विजयनगरचा पाच, हे वाचून त्यांना इतका आनंद झाला होता की शेऱ्यात त्यांनी ‘व्यवस्थापन उत्तम’ असं लिहून टाकलेलं.

पहिला धक्का सूर्याने दिला. तक्त्यात लिहिलं होतं, ‘सायं. ६.३० सूर्यास्त, राधानगर. दहा मिनिटं आधी हजर राहावे.’ लेक म्हणाली, ‘‘काका, तिथे हिवाळ्यात साडेपाचच्या आत सूर्य बुडतो.’’ भाऊजींना पटेना. मग तिने नकाशा काढला. अंदमान इतकं पूर्वेला आहे की आपल्यापेक्षा म्यानमार जवळ, आणि घड्याळ मात्र आपलंच. सूर्य तिथे बिचारा भारतीय वेळ पाळत नाही.

‘‘मग चहा कधी घ्यायचा?’’ ताईने विचारलं.

‘‘आणि उगवतो कधी?’’ भाऊजींनी पेन काढलं.

‘‘पावणेसहाच्या सुमाराला.’’

‘‘म्हणजे पाचला उठणं.’’ त्यांनी सात दिवस तसं लिहिलंसुद्धा. माझी बायको म्हणाली की सुट्टीत पाचला उठायचं तर घरी काय वाईट आहे, तिथे निदान दूध तरी वेळेवर येतं. भाऊजींनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘सूर्योदय बुडवायचा का मग? पैसे भरलेत.’’

दुसरा धक्का मोठा होता. तक्त्यात सोमवार-मंगळवार ‘हॅवलॉक, मुक्काम’ असं होतं, बुधवारी ‘स्वराज द्वीप, दिवसाची सहल’ आणि गुरुवारी ‘नील’. यातल्या पहिल्या दोन बेटांमधल्या बोटीची वेळ सापडत नाही म्हणून भाऊजींनी ट्रॅव्हल एजंटला फोन लावला.

‘‘हॅवलॉकहून स्वराज द्वीपला जायला किती वेळ लागतो हो?’’

पलीकडे बराच वेळ शांतता. ‘‘काका, दोन्ही एकच.’’

‘‘एकाच दिशेला, असं?’’

‘‘एकच बेट आहे, काका.’’

झालं होतं असं, की डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पुढे २०२४ साली पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. सरकारी पानावर नवी नावं, एजंटच्या पत्रकात जुनी, बोटवाल्यांच्या तोंडी ज्याला जे येईल ते. भाऊजींनी दोन्हीकडून प्रामाणिकपणे उतरवून घेतलं होतं. तक्त्याप्रमाणे आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरणार होतो आणि परतीचं विमान श्री विजयपुरमहून पकडणार होतो. या दोन गावांमधल्या टॅक्सीला त्यांनी पाऊण तास ठेवलेला होता. ‘वाहतूक असल्यास एक तास’ असा शेराही होता.

तर अशा रीतीने आमचा बुधवार रिकामा झाला.

माझ्या मते तो तसाच ठेवायला हवा होता. बायकोचंही तेच मत होतं, आणि आमचं दोघांचं एकमत हा योग तसा दुर्मीळ. पण रिकामा दिवस मध्यमवर्गीय घरात टिकत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटचा कोपरा मोकळा दिसावा तसं सगळ्यांनी त्यात टेकायला सुरुवात केली.

पहिली ताई. तिच्या उपासांचा हिशोब करता सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आख्ख्या हॅवलॉक मुक्कामात मासे खायला मिळणार तो एकटा बुधवार. ‘‘बेटावर जायचं आणि वरणभात खाऊन यायचं का?’’ तिने दुपारी एक ते तीन हा वेळ जेवणाला आणि तीन ते चार हा वेळ जेवणानंतरच्या परिणामांना मागून घेतला.

मग लेकीला स्कूबा. भाऊजींनी ते परस्पर शुक्रवारी दुपारी बसवलं होतं, बाकी कुठे जागा नाही म्हणून. पण शनिवारी सकाळी विमान. पाण्याखाली जाऊन आलेल्या माणसाने चोवीस तास तरी विमानात बसू नये म्हणतात. खोल पाण्याच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, नाहीतर वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. हे ऐकून आईने नातीकडे असं पाहिलं जणू सोडा वॉटरची बाटलीच शेजारी बसली आहे. स्कूबा बुधवारी सकाळी आलं.

दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा आग्रह बाराटांगचा. पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, सहाला गाड्यांचा काफिला सुटतो, पुढे होडीतून चुनखडीच्या गुहा. भाऊजींना काफिला फार आवडला. पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असा कडक नियम आहे. दादा म्हणाले, ‘‘काचेतून दिसतात म्हणे.’’ लेकीने हातातला फोन खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘दादाकाका, आपल्या गल्लीतून रोज शंभर गाड्या तुम्ही दिसता का बघत गेल्या तर?’’ या प्रश्नाला दादांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नसतं. माणसं बघायला काफिल्याने जाऊ नये. बाराटांग त्याच क्षणी रद्द झालं, आणि तीनला उठणं टळलं म्हणून बायकोने लेकीला दुसरी पोळी जास्त तूप लावून वाढली.

आईचा दावा सर्वांत भक्कम निघाला, कारण तो पंचांगासकट होता. नील बेटावरच्या गावांची नावं तिने ऐकली होती: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. ‘‘अगदी घरच्यासारखं आहे की,’’ ती म्हणाली. तिथे लक्ष्मणपूरला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे, तिच्यापर्यंत चालत जायचं तर ओहोटी हवी. भाऊजी फोनवर भरतीचं कोष्टक शोधत होते तोवर आईने बोटं मोजायला घेतली. तिच्या माहेरी हे सगळं पाऊणकीत चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बुधवारी पंचमी, पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती, सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी. ‘‘त्या दिवशी जाऊ. पाय न भिजता कमान.’’

फोनने मात्र दीड-दोन तास अलीकडची वेळ दाखवली. लेकीने समजावलं की आजीचं गणित आपल्या पश्चिम किनाऱ्याचं आहे, बंगालच्या उपसागरात पाणी वेगळ्या वेळी चढतं.

‘‘का? चंद्र वेगळा आहे का तिथे?’’

‘‘तसं नाही गं आजी…’’

‘‘बेटांची नावं दोन-दोन असतील. चंद्र एकच आहे.’’ भाऊजींनी गुपचूप कोष्टकातली वेळ लिहिली आणि शेऱ्यात ‘सासूबाईंचे मत वेगळे’ अशी नोंद केली.

माझ्या वाटेचा बुधवार ऑफिसने मागितला. पूर्वी अंदमानला जाणाऱ्यांना एक फार मोठं सुख होतं: तिथे नेट धड चालायचं नाही. साहेबाला खऱ्या मनाने सांगता यायचं की संपर्क होणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राच्या तळाने केबल पोचली आणि हे सुख बुडालं. रजेचा अर्ज पुढे करताना मी चेहरा शक्य तितका दुर्गम केला. साहेब म्हणाले, ‘‘अरे वा! तिथे आता नेट छान आहे. बुधवारचा रिव्ह्यू तू किनाऱ्यावरूनच घे.’’

संध्याकाळ तेवढी उरली होती. ती भाऊजींनी स्वतःसाठी राखलेली होती हे नंतर कळलं. राधानगरच्या वाळूत उभं राहून ते सावरकरांची सागरावरची कविता म्हणणार होते, ‘जिथे सुचली तिथेच’. शाळेच्या स्नेहसंमेलनांत त्यांनी ती म्हटलेली आम्ही ऐकली आहे. शेवटच्या कडव्याला माईक लागत नाही.

‘‘काका, ती ब्रायटनला लिहिलीय. इंग्लंडमध्ये, १९०९ साली. सावरकर अंदमानला आले १९११ मध्ये.’’

भाऊजी बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘‘इतकी वर्षं मी मुलांना…’’ एवढंच म्हणाले. मग लेकच नरमली. तिने सांगितलं की ‘कमला’ मात्र तिथल्याच कोठडीतली, भिंतीवर ओळी लिहायच्या आणि पाठ करायच्या. तिने फोनवर पुढेही वाचून दाखवलं: १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं चाललेलं बांधकाम, सात लांब इमारतींपैकी आज उभ्या असलेल्या तीन, कोलूला जुंपलेल्या कैद्याकडून दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढून घ्यायचा दंडक. ताईचं डबे भरणं थांबलं. शनिवारी विमानातून उतरून थेट जेल, आणि रात्री तिथला पिंपळ गोष्ट सांगतो तो प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम. तक्त्यातल्या या एकाच ओळीवर कोणी वाद घातला नाही.

बाकी गोष्टी भराभर उरकल्या. अ‍ॅवोमिनच्या गोळ्यांची एक पट्टी, मग समुद्र खवळला तर म्हणून आणखी एक. शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे, विमानतळावर बॅगा बघतात, हे आईला दोनदा सांगितलं. ‘‘पूजेचा असला तरी?’’ असं तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर तिची पिशवी मी भरायचं ठरलं.

पुढच्या रविवारी भाऊजी अंतिम तक्त्याच्या झेरॉक्स घेऊन आले. प्रत्येकाला एक, आईला मोठ्या अक्षरात. मी आधी बुधवार पाहिला. स्कूबा मंगळवारी गेलं होतं, कमान गुरुवारी. ऑफिसचा रिव्ह्यू साहेबांनीच पुढे ढकललेला, त्यांनाही गोव्याला जायचं होतं. मासे तेवढे एक वाजता जागच्या जागी. बाकी संबंध दिवसावर ठळक अक्षरात एकच नोंद: ‘ऑफ तास’.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. भाऊजींबद्दल इतकं प्रेम मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. ‘स. ५.०० उठणे. स. ७.०० ते दु. १२.३० काही न करणे, स्थळ बीच क्र. ७. खुर्च्या रांगेने, दोन खुर्च्यांत हातभर अंतर. पर्यवेक्षक : स्वतः.’

‘‘भाऊजी, ऑफ तासाला पर्यवेक्षक कशाला?’’

‘‘ऑफ तासालाच लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘वर्ग मोकळा सोडला की काय होतं, तुला माहीत नाही.’’

ताईने शेरा वाचला. ‘‘मध्येच उठू नये? अहो, आणि पाणी प्यायचं झालं तर?’’

‘‘हात वर करायचा.’’