मागच्या रांगेतला सल्ला

रहस्यपट पाहायला आलेल्यांत सहसा गुप्तहेर नसतो. युद्धपटाला एखादा निवृत्त फौजी आलाच तर तो गप्प बसतो, कारण खरं युद्ध किती कंटाळवाणं असतं हे त्या टॉकीजमध्ये त्याला एकट्यालाच ठाऊक असतं. पण शाळेवरचा चित्रपट लागला की अख्खी टॉकीज जाणकारांनी भरते. नववीत बहुतेक सगळेच बसलेले असतात; काही जण तर दोन-दोन वर्षं बसलेले असतात आणि त्यांचा अधिकार साहजिकच मोठा. दारवान तिकीट फाडतो तेव्हा प्रेक्षकाच्या वयाचाही एक तुकडा स्वतःकडे ठेवून घेत असावा. केस पिकलेली, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या बाळगणारी माणसं आत जाऊन बसतात आणि पडद्यावर फळा दिसला, तासाची घंटा ऐकू आली की पाठ सरळ करतात. आता हजेरी होणार, आपला नंबर कधीही पुकारला जाणार, या धाकानं.

हे सगळीकडेच होत असेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडचा प्रेक्षक जरा निराळा, कारण त्याला पाहायला शिकवलं ते झाडीपट्टीच्या नाटकानं. दिवाळीनंतर धान कापून झाला की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. कुठे शंकरपट, कुठे मंडई, आणि त्या निमित्तानं रात्रभर नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा तांबडं फुटायला आलेलं असतं. मांडीवर लेकरू, अंगावर ब्लँकेट, डोक्याला मफलर अशा थाटात बसलेला हा प्रेक्षक नाटक नुसतं पाहत नाही, तो ते चालवतो. खलनायक दाराआड लपला तर नायिकेला ओरडून सावध करणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. सासू छळायला लागली की पुढच्या रांगेतल्या बाया तिला तिथल्या तिथे सुनावतात, आणि त्यांतल्या अर्ध्या घरी स्वतः सासू असतात. कुरखेड्याकडच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचा सन्मान झाला म्हणून सगळ्यांनाच आनंद झाला. माझी मात्र एक खाजगी समजूत आहे, की त्या सन्मानातला इवलासा वाटा रात्री दोन वाजता नायिकेला सावध करणाऱ्या त्या बायांचाही असला पाहिजे.

अशा प्रेक्षकापुढे जानेवारी 2012 मध्ये, झाडीपट्टीच्या ऐन हंगामात, सुजय डहाके यांचा ‘शाळा’ आला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. काळ आणीबाणीचा, नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर, आणि दोघांत घडतं काय, तर जवळजवळ काहीच नाही. तो बघतो. ती बघते. मग तो बघत नसल्यासारखं बघतो. रात्रभरात दोन लग्नं, एक खून आणि हरवलेल्या भावाची भेट पाहणाऱ्या माणसाला हा वेग कसा सोसावा? चंद्रपूरच्या ज्या टॉकीजमध्ये मी बसलो होतो तिथे पहिला अर्धा तास लोकांनी शिष्टाचार म्हणून काढला. मग जोशी पुन्हा एकदा नुसताच बघत राहिला आणि माझ्या मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “अबे, बोल ना तिले! आता नाई बोलशीन त कवा बोलशीन?” टॉकीज हसली. मी वळून पाहिलं. पंचेचाळिशीचे गृहस्थ, शेजारी बायको आणि तिच्यापलीकडे मिसरूड फुटू लागलेला मुलगा. मुलगा खुर्चीत इतका खाली सरकला होता की त्याच्या केसांचा भांगच तेवढा दिसत होता.

त्यानंतर मी पडदा कमी आणि अंधार जास्त पाहिला. पुढच्या रांगांत गणवेशावर स्वेटर चढवून आलेली पोट्टी होती. त्यांची शाळा त्या वेळी दुसरीकडे रीतसर भरलेली असणार. ती फार हसत होती, आणि जिथे हसण्यासारखं काही नव्हतं तिथे सगळ्यांत मोठ्यानं. पडद्यावरच्या मुलाच्या चेहऱ्यावर आपल्या मनातलं जसंच्या तसं उमटलेलं दिसणं ही काही साधी अडचण नव्हे, आणि शेजारच्या मित्राला ते कळू नये म्हणून शिट्टीइतका भरवशाचा आडोसा नाही. मधल्या रांगांतली जोडपी बोलत नव्हती. एका गुरुजींना, आणि ते गुरुजीच असणार, कारण खडूचा पांढरा ठसा त्यांच्या कोटाच्या खिशावर कायमचा होता, पडद्यावर वर्गात गोंधळ झाला की खोकला यायचा. तो खोकला मी ओळखतो. वर्गाच्या दारातून आत येण्याआधी मुलांना सावरायला दोन क्षण देणारा तो खोकला असतो. पडद्यावरची मुलं मात्र सावरत नव्हती, त्यामुळे गुरुजी चित्रपटभर खोकत राहिले.

दोन वर्षांनी, 14 फेब्रुवारी 2014 ला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. इथेही मुलगा शाळकरी आणि प्रेम नजरेपुरतंच. जब्याला शालूसाठी काळी चिमणी हवी असते. तिची राख टाकली की काम होतं म्हणे. रानाच्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला या विषयात गप्प राहणं शक्यच नव्हतं. मध्यंतरात समोशाच्या गर्दीत एक धोतरवाले आजोबा तावातावानं सांगत होते, “चिमनी कायले पायजे त्याले? आमच्या सिंदेवाईकडं येजो म्हना, एक मुळी देतो.” चार जणांनी मुळीचं नाव विचारलं. आजोबांनी ते सांगितलं नाही. चौघांतला एक तर नातवंडांना घेऊन आला होता; त्याला या वयात कोणासाठी हवी होती देव जाणे.

मग तो प्रसंग आला. डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. महाराष्ट्रातल्या टॉकीजमध्ये खेळाआधी राष्ट्रगीत 2003 पासून आहे, तेव्हा आम्ही सगळे एकदा उभे राहून बसलेलो होतो. आता पडद्यावरची माणसं उभी. आम्ही काय करावं? काही जण झटकन उठले. काही जण त्यांच्याकडे पाहून अर्धे उठले आणि न उठलेल्यांकडे पाहून तसेच वाकलेले राहिले, खुर्ची आणि देश यांच्यामध्ये कुठेतरी. चित्रपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर उठायची गरज नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयानं पुढे 2017 साली केला, तोही नेमका 14 फेब्रुवारीलाच. आम्हाला तो तीन वर्षं उशिरा मिळाला. पण त्या अवघडलेल्या अर्ध्या मिनिटात जे हसू फुटलं होतं ते शेवटाला कामी आलं नाही. जब्यानं दगड भिरकावला, तो सरळ आमच्याकडे आला, आणि पुढच्या रांगेतली दोन पोट्टी खरोखरच खाली वाकली. झाडीपट्टीत प्रेक्षक रंगमंचाला बोलतो. रंगमंचानं एवढं रोखठोक उत्तर द्यायची सवय कोणाला नव्हती. त्या दिवशी मागच्या रांगेकडे सल्ला नव्हता.

पण मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते भामरागडच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेतल्या मुलांनी. स्नेहसंमेलनाच्या रात्री भिंतीवर चादर ताणून, प्रोजेक्टर लावून ‘शाळा’ दाखवला होता. चंद्रपूर जिथे हसलं तिथे ही मुलं हसली नाहीत. जोशी शिरोडकरशी बोलायला इतका का घाबरतो हेच त्यांना कळेना. रेल्याच्या नाचात मुली आणि मुलं एका रांगेत हात गुंफून नाचतात, त्यात काय घाबरायचं? ही मुलं भलतीकडेच डोळे लावून बसली होती. जोशी घरी जातो, दप्तर टाकतो, आई काहीतरी बोलते, तो वैतागतो, ताटावर बसतो. अशा प्रसंगांना चादरीसमोर इतकी शांतता व्हायची की प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर ऐकू यावी. शेवटी सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, तो रोज घरी जाते?” सर म्हणाले, हो, रोज. तिनं ही बातमी माडिया बोलीत मागच्या बाकांपर्यंत पोहोचवली आणि तिकडून आश्चर्याचा हुंकार आला. जो काळ या चित्रपटात आहे त्याच काळात, 1976 साली, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा सुरू झाली. एकाच वेळी एका मुलाला वर्गातल्या मुलीपर्यंतचं अंतर पार होत नव्हतं आणि इकडे मुलं रान ओलांडून वर्गापर्यंत येऊ लागली होती. आपल्याकडे जे नाही त्याच्याचकडे माणूस पडद्यावर टक लावून पाहतो, एवढाच या सगळ्याचा अर्थ असेल, तर त्या मुलीनं पाहिलेला ‘शाळा’ आमच्याहून मोठा होता.

चंद्रपूरच्या ‘शाळा’च्या त्या खेळानंतर परतताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. चंद्रपुरात हे नवं नाही. कोळशाची मालगाडी एकदा सुरू झाली की माणसानं गाडी बंद करावी आणि आयुष्याचा हिशेब मांडावा, इतका वेळ मिळतो. माझ्या बाजूलाच मोटारसायकलवर ते मागच्या रांगेतलं कुटुंब होतं, मुलगा मधे आणि आई मागे. डब्यांच्या खडखडाटात मुलगा बापाच्या कानाशी जाऊन ओरडला, “बाबा, तुमी बोलले होते का?” टॉकीजमध्ये असं विचारलं असतं तर मध्यंतर तरी वाचवायला आलं असतं. इथे पन्नासाहून जास्त डबे होते आणि गार्डचा डबा अजून दिसतही नव्हता. बापानं थोडा वेळ इंजिनाच्या दिशेनं पाहिलं, मग उलट्या दिशेनं. शेवटी म्हणाला, “नाई बोललो ना बे. म्हनून त त्याले सांगून रायलो होतो.”

“नाई बोलले तेच बरं झालं,” मागून बायको म्हणाली, “बोलले असते त मी कुठं बसली असती?” तेवढ्यात फाटक उघडलं, आणि पोट्टा दोघांच्या मधे मुकाट बसून राहिला.