चष्म्याचा रकाना

अमेरिकी सरकारला गरीब मुलांच्या दात-डोळ्यांचं महत्त्व नीट पटलं ते १९६४ साली. अठरा वर्षांचे एक तृतीयांश तरुण सैन्यभरतीत नापास ठरतील, असा अहवाल आला तेव्हा. (बंदूक धरायला डोळा लागतोच.) १९६७मध्ये मेडिकेड या सरकारी विम्यात एकवीस वर्षांखालच्यांची नियमित तपासणी आली. पाठोपाठ, यथावकाश, तक्ता आला: फॉर्म ४१६. पात्र मुलं किती, तपासली किती, रक्तातलं शिसं कितींचं पाहिलं, हे राज्यांनी दरवर्षी कळवायचं.

२०११ साली सरकारच्याच हिशेबतपासनीसांनी भाबडा प्रश्न केला: पुढच्या उपचारांसाठी धाडलेल्या मुलांना उपचार मिळाले का? तसा रकानाच नव्हता. पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, इथवर कागद बोलतो. चष्मा नाकावर बसला की नाही, ते त्याच्या आईला विचारा. तिला फॉर्म भरायला कुणी सांगितलेलं नाही.

उद्दिष्ट ८० टक्के मुलांच्या तपासणीचं. २०१७ साली आकडा साठाच्या आसपास रेंगाळत होता. उद्दिष्टाची तब्येत मात्र उत्तम. एवढ्या वर्षांत त्याचं वजन एका टक्क्यानंही घटलेलं नाही.