सतरा मीटरचा सातबारा

पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा, असं दुचाकी शिकवणारे सांगतात. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते, तिथून सावकाश दोन आकडे मोजायचे. त्याआधीच आपण खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळ. ताशी ३० किलोमीटरला हे अंतर भरतं जवळपास १७ मीटर. कागदोपत्री ही जागा माझी. केंद्राच्या २०१७च्या वाहनचालन विनियमांतही पुरेसं अंतर राखायला सांगितलंय.

आता संध्याकाळी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर हा प्लॉट सांभाळून दाखवा.

'एक' म्हणेपर्यंत डावीकडून स्कूटर घुसते. 'दोन'च्या आत रिक्षा. रिक्षावाले अख्खी रिक्षा घालत नाहीत हो, तेवढे ते सभ्य आहेत. फक्त पुढचं चाक घालतात आणि एक पाय बाहेर काढून हलवतात. चाक शिरलं की खरेदीखत झालं, पाय हलला की स्टँप ड्युटीही भरली. मी कायदा मानणारा माणूस, म्हणून वेग कमी करून नवं अंतर तयार करतो. त्यात टेम्पो येतो. असं इमानदारीत अंतर राखत गेलं, तर दांडेकर पुलावरून धायरीला निघालेला माणूस मागे सरकत सरकत स्वारगेटला पोचेल.

मागच्यांचं तर विचारूच नका. "काका, कुणासाठी जागा धरलीय का?" हो, धरलीय. माझ्या ब्रेकसाठी. एप्रिल २०१९पासून नव्या दुचाक्यांना एबीएस किंवा जोडब्रेक सक्तीचे झाले; पण जागा न घेता थांबवणारा ब्रेक अजून निघालेला नाही. त्यात मागच्या सीटवर घरचंच माणूस फितूर: "अहो, तो बघा कसा सुर्रकन गेला!" माझ्याच जागेतून गेला ना तो!

'तुम्ही दिसलाच नाहीत' ही सबबही ग्राह्य धरता येत नाही. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, बंद करायला बटणच नाही. आणि तो सगळ्यांना दिसतो. समोरून येणारी परोपकारी मंडळी आजही भर दुपारी पंजा उघडमीट करून मला तो चालू असल्याचं कळवतात.

कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, असं घटनेचं कलम ३००-अ म्हणतं. सिंहगड रस्ता त्यातून वगळल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा उद्या रस्त्यात १७ मीटर मोकळे दिसले, तर ते बेवारस समजू नका. मालक हेल्मेट घालून मागून येतोय. शिरायचंच असेल, तर निदान इंडिकेटर द्या. डावा द्या, उजवा द्या, माझी हरकत नाही.