मंडीदीपच्या पोरांचं दहा इंची वेड

ऐकलंत का? आमच्या लाइनीतल्या त्या इंजिनिअरिंगच्या पोराच्या कॉलेज-संघाच्या रेसगाडीसाठी चार टायर आलेत, आणि आलेत ते थेट अमेरिकेतून. इंडियाना राज्यात लेकव्हिल म्हणून गाव आहे, तिथली ही हूझिअर कंपनी. बरं, गाडी कुठे आहे म्हणाल, तर शेडमध्ये नुसता नळ्यांचा सांगाडा उभा. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, बसायला सीट नाही. पण टायर हजर! आणि टायर तरी कसे? एक खाच नाही, नक्षी नाही, पाटीसारखे गुळगुळीत. पोराच्या आईनं कपाळाला हात लावला. "अरे, टायर असा झाला की तुझे बाबा बदलून टाकतात. तू असाच विकत आणलास?" पोरगं म्हणतं, "आई, याला स्लिक म्हणतात, तुला नाही कळायचं." वर त्या टायरवरच छापलंय की रस्त्यावर वापरू नये. म्हणजे पैसे मोजायचे आणि भोजपूरच्या देवळापर्यंतसुद्धा जायचं नाही.

तसं या गावाला लहान-मोठ्या चाकाचं अप्रूप असू नये. आयशरचे ट्रॅक्टर इथल्याच कारखान्यात तयार होतात. पुढे ६.००-१६, मागे १३.६-२८ अशी चाकं इथे कुणाला नवी नाहीत. आणि मागचं मोठं का, हे गेटवरचा वॉचमनही सांगेल: ओढायचं मागच्यानं, पुढच्यानं फक्त वळायचं. टाटांच्या नॅनोतही, इंजिन मागे म्हणून, पुढे १३५ आणि मागे १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. ती गाडी घडवणाऱ्या गिरीश वाघांच्या चमूनं ते हौस म्हणून दिले नव्हते. पण आमच्या या पोरांना विचारा, बाबांनो, रिम दहा इंचीच का? उत्तर ठरलेलं: "सगळे तेच लावतात."

सगळे म्हणजे कोण? तर कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धा असतात, कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 'सुप्रा', तिथली मंडळी. खड्डे-टेकाडांवरच्या 'बाहा'ची जत्रा तर आमच्याच मध्य प्रदेशात, पीथमपूरला. तिथल्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रातल्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकचं उद्घाटन २०२१ साली प्रकाश जावडेकरांनी केलं, तेव्हापासून तर घराघरात एकेक तज्ज्ञ पैदा झालाय. फॉर्म्युलावाल्यांना नियम एवढंच सांगतो की रिम आठ इंचांपेक्षा लहान नको. वर तेरा घ्या, बारा घ्या, कोण अडवतंय? पूर्वी तेराची चलती होती. आता तेरा लावणारा म्हणजे लग्नात जुना कोट घालून आलेला मामा. आणि गंमत बघा, तिकडे फॉर्म्युला वननं २०२२ मध्ये तेरा सोडून अठरा धरले! थोरले वाढवतायत, धाकटे घटवतायत, आणि मधल्यामध्ये आई-बापांचा खिसा.

पोरगं हिशेब मात्र फाडफाड सांगतं. तेराच्या रिमवरचा नेहमीचा टायर बाहेरून २०.५ इंच उंच, म्हणजे ५२१ मिलिमीटर. दहाच्या रिमवरचा १८ इंच, म्हणजे ४५७. चाक लहान झालं की त्याच गिअरमध्ये जमिनीवर सुमारे १४ टक्के जास्त जोर मिळतो. ऐकायला झकास! पण अरे, तो जोर साखळीचं मागचं दातेरी चक्र बदलूनही मिळतो की, आणि तेही कितीतरी स्वस्तात. हे सांगितलं तर पोरगं कान खाजवतं.

खरं कारण आहे ते वजनात, आणि ते कुणी सांगत नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांना केटीएम ३९०चं एका सिलिंडरचं इंजिन असतं, आपल्या चाकणला बजाजकडे तयार होणाऱ्या मोटरसायकलचं. ताकद बेताची, म्हणून गाडी हलकी ठेवायची. त्यात चाकाचं वजन सगळ्यात महाग, कारण ते नुसतं वाहून न्यायचं नसतं, गरागरा फिरवायचंही असतं. शिवाय ते स्प्रिंगच्या खाली लोंबतं, खडबडीत जागी टायरला जमिनीला चिकटू देत नाही. आणि यांचा वेग तरी किती? ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या फेरीत, सरासरी ताशी ४० ते ४८ किलोमीटर, म्हणजे होशंगाबाद रोडवरची मोपेडसुद्धा बाजूनं निघून जाईल. सरळ धाव ७५ मीटरची, बाकी नुसती वळणंच वळणं. अशा ठिकाणी हलकं चाक शोभतं. म्हणजे दहा इंच बरोबरच आहे हो, पण बरोबर का आहे ते या पठ्ठ्यांना ठाऊक नाही!

आता रुंदीची तऱ्हा. शेजारच्या कॉलेजनं सहा इंची लावले म्हटल्यावर याला साडेसात हवेत. जेवढा रुंद तेवढी पकड, असा गोड समज. पण ते मऊ रबर गरम झाल्याशिवाय पकडत नाही, आणि एवढ्या हलक्या गाडीखाली एवढा रुंद टायर तापवायचा कसा? गाडी पहिल्या फेरीत घसरते आणि शिव्या खातो ड्रायव्हर. बफेलोच्या कॅल्सपन कंपनीच्या यंत्रावर या टायरांच्या चाचण्या होतात. किती भार आला, किती तिरपा झाला, किती हवा होती, सगळी नोंद. संघानं वर्गणी भरली की आकडे हाती येतात. ते बघून टायर ठरवावा, मग रिम, मग ब्रेक. पण नाही! यांनी आधी जर्मन पोरांच्या गाडीचे फोटो पाहिले, त्यावरून रिम कापून घेतली आणि आता ब्रेकची डिस्क आत मावेना. दहा इंच म्हणजे बाहेरून २५४ मिलिमीटर. आतून रिमची जाडी वजा करा, कॅलिपरला जागा सोडा, उरतं काय? कॅलिपर घासून घासून बसवताना लेथवाल्यानं जे तोंड सोडलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

पंक्चरवाल्याकडचा प्रसंग तर ऐकाच. पोरगं म्हणालं, बारा हवा भरा. त्यानं मीटर बघितलं, पोराकडे बघितलं. "भैया, साइकिल में भी इससे ज़्यादा भरते हैं." पंक्चरवाल्याच्या आयुष्यात आजवर तीस-बत्तीसच्या खाली कुणी काही मागितलंच नव्हतं. त्यानं अंगठ्याचं नख टायरात दाबलं तर वळ उमटला, उचलला तर जमिनीवरची बारीक खडी चिकटून वर आली. त्यानं दोन दुकानं सोडून असलेल्या भावाला बोलावून आणलं आणि पोराकडून एक पैसा घेतला नाही. माल बघायला मिळाला, तेवढं पुरे म्हणाला.

एवढं सगळं करून स्पर्धेत परीक्षक बसतात. एक हजारातले दीडशे गुण डिझाइनचे. त्यांचा प्रश्न एकच: हेच माप का? गेल्या खेपेला यांचा म्होरक्या म्हणाला, "सर, दिसायला छान आहे." परीक्षकांनी मान डोलावली म्हणे, पण गुण काही दिले नाहीत.

आता ताजी खबर. पुढच्या वर्षी गाडी विजेवर, आणि मोटर बसवणार म्हणे थेट चाकात. झ्युरिकच्या पोरांनी २०२३ मध्ये चारही चाकांत मोटर बसवून शून्य ते शंभर ०.९५६ सेकंदात गाठलं, ते यांनी वाचलंय. पोराच्या आईनं विचारलं, "अरे, ब्रेकला जागा नव्हती, मग मोटर कुठे ठेवशील?"

"त्यात काय आई," पोरगं म्हणालं, "तेरा इंची घेऊ."