सव्वालाखे आप्पा

तामलवाडीत आप्पांचं खरं आडनाव विचारलंत, तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. ‘सव्वालाखे आप्पा’ म्हणा, शेंबडं पोरगंही घरापर्यंत आणून सोडेल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आप्पांचं दर चौथं वाक्य, त्यावरून हे नाव पडलं. आपला ठावठिकाणा कुणाला कळू नये म्हणून जो माणूस जिवाचं रान करतो, त्याचाच पत्ता अख्ख्या गावाला पाठ आहे.

एटीएममध्ये आकडे दाबताना आप्पा आधी डावा हात आडवा धरतात, त्यावर टोपी धरतात आणि टोपीवर उपरणं सोडतात. एवढ्या बंदोबस्तात आकडे त्यांचे त्यांनाच दिसत नाहीत. कार्ड दोनदा बंद पडलं ते त्यामुळंच. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर काकूंची मरून टिकली कायम लावलेली असते. पुण्याच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला की आप्पा ती नखानं अलगद उचलतात, मनगटावर चिकटवतात, बोलणं संपलं की परत जागेवर. टिकलीचा गोंद काचेवर राहून राहून नातवाला आजोबा बारमाही धुक्यात दिसतात. ‘पुण्यात राहून डोळे बिघडलेत पोराचे,’ असं आप्पांचं मत आहे.

हा संशयीपणा उगाच आलेला नाही. आप्पांनी सगळी नोकरी टपालात काढली, तालुक्यातल्या एका आडगावात. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाचा तो जमाना. लिहिता-वाचता येणारी माणसं कमी, त्यामुळं कार्ड पोचवायचं आणि वाचूनही दाखवायचं. कुणाच्या जावयानं फटफटी मागितली, कुणाचा मुंबईचा लेक पैसे का पाठवत नाही, कुणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला आहे, हे घरच्यांच्या आधी आप्पांना ठाऊक. निळ्या आंतरदेशीय पत्राचं चिकटवलेलं तोंड ते उन्हाकडं धरून बघत नसत, असं ते सांगतात. पण सांगताना नजर दुसरीकडं असते. तात्पर्य काय, मधला माणूस किती बघतो हे आप्पांना ऐकून माहीत नाही. ते स्वतःच मधला माणूस होते.

अशा माणसाला रात्री अकरा वाजता मूळव्याधीनं गाठलं. डॉक्टरकडं जाण्याची लाज, काकूंना सांगण्याची त्याहून जास्त. मग पांघरुणात तोंड खुपसून फोनला विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर भजन लावलं, तर अभंगाच्या आधी चूर्णाची जाहिरात. दुपारी बाजारभाव बघायला घेतले, तिथं मलम. संध्याकाळी आप्पा माझ्या ऑनलाइन सेंटरवर आले, गिऱ्हाईक पांगेपर्यंत बाकावर अवघडून, एका अंगावर बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, “बाबा, माझी गोष्ट कुणी फोडली?”

नातवानं त्यांना व्हीपीएन नावाचा उपाय सांगितला होता. तो समजावून द्यायचं काम माझ्याकडं आलं. म्हटलं, आप्पा, आता बहुतेक वेबसाइटींचं टपाल बंद पाकिटातूनच जातं, आतला मजकूर मोबाइल कंपनीला दिसत नाही. पण पाकिटावरचा पत्ता दिसतो, कुठल्या वेबसाइटीकडं गेलाव तो. व्हीपीएन घेतलं की ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून आधी त्या व्हीपीएनवाल्याकडं जातं. तो वरचं फाडतो आणि आतलं पुढं धाडतो. मोबाइल कंपनीला कळत नाही कुठं गेलं, आणि पुढच्याला वाटतं व्हीपीएनवाल्याकडूनच आलं.

आप्पांनी सुपारी कातरायची थांबवली. “म्हंजी पोस्टमन बदलला.”

मोठमोठ्या जाणकारांना हे सांगायला चार पानं लागतात.

“आन् त्यो नवा पोस्टमन पाकिटं बघत न्हाई कशावरून?”

तिथून आप्पांचा तराजू सुरू झाला. एका पारड्यात झाकली मूठ, दुसऱ्यात सोय. नातवानं एक फुकटचं ॲप घालून दिलं होतं. फुकट म्हटल्यावर आप्पांच्या भुवया टोपीत गेल्या. “तिकिटाबिगर टपाल? बैरंग आसंल. कुणीतरी पैसं भरतंय.” अगदी बरोबर. फेसबुकनं २०१३ साली ओनावो नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं फुकट व्हीपीएन ‘तुमचं रक्षण करतो’ म्हणत लोक कुठली ॲप किती वापरतात ते मालकाला कळवत होतं. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून त्याला जावं लागलं. २०२० साली हाँगकाँगकडच्या काही फुकट व्हीपीएनांचं भांडं फुटलं. ‘आम्ही काही नोंद ठेवत नाही’ अशी पाटी लावलेली, आणि लोकांच्या नोंदींचा ढीग बिनकुलपाचा उघड्यावर पडलेला. मी एवढं सांगेपर्यंत आप्पांनी ॲप काढूनही टाकलं होतं.

मग पैसे देऊन घ्यायचं. तिथंही प्रत्येकाची तीच शपथ: नोंद ठेवत नाही. आप्पा हसले. “मी बी आसंच म्हणायचो, बाबा. मी कुटं कार्ड वाचतो?” त्यांचा संशय खोटा नव्हता. अशी शपथ मिरवणाऱ्या प्युअरव्हीपीएननंच २०१७ साली अमेरिकेतल्या एका छळाच्या गुन्ह्यात एफबीआयला नोंदी काढून दिल्या. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. पण नसलेली नोंद सापडली कशी, हे काही आप्पांच्या घशाखाली उतरेना.

आपल्या सरकारचा हुकूम तर उलटाच. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं सांगितलं की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, कशासाठी घेतलं, सगळं टिपून ठेवायचं आणि पाच वर्षं जपायचं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली मशिनं उचलली आणि चालते झाले. आता यातल्या काही कंपन्यांकडं भारतातला पत्ता मागितला, तर तो सिंगापूरच्या नाहीतर लंडनच्या मशिनीवरून मिळतो. सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्याला नोंदी लागतात हे मला पटतं. पण नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलेल्या देशात, माणसानं ‘तुला हे कशाला हवं’ याचा जबाब लिहून देऊन मग खाजगी व्हायचं, यातली गंमत तपास करणाऱ्यालाही कळत असावी.

आप्पांचा जीव खरा रमला तो मुलवाड नावाच्या स्वीडनच्या कंपनीत. ती नाव विचारत नाही, ईमेल विचारत नाही. एक आकडा देते, तेवढंच तुमचं खातं. महिन्याला पाच युरो, आणि ते पाकिटात नोटा घालून टपालानं पाठवले तरी चालतात. एप्रिल २०२३ मध्ये तिच्या कचेरीत स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन आले. गिऱ्हाइकांची माहिती नव्हतीच, तर हात हलवत परत गेले. आप्पा ऐकताना सरसावून बसले, मूळव्याध विसरून. “ही खरी टपालाची माणसं!” लगेच चेहरा पडला. साध्या पाकिटात नोटा घालू नका, हे लोकांना सांगण्यात त्यांचा जन्म गेलेला. शिवाय युरो आणायचे कुठून? सोलापूरला चौकशी केली. तिथं नाव, परदेशी चलन कशासाठी, आणि पॅनकार्डाची झेरॉक्स. निनावी व्हायच्या अर्जासोबत ओळखपत्र जोडायचं होतं.

अखेर नातवानं एका परदेशी व्हीपीएनचे महिन्याचे पैसे स्वतःच्या कार्डावरून भरले. म्हणजे नाव गेलंच, पण नातवाचं. एवढं पारडं आप्पांनी सोसलं.

मग सोयीचं पारडं आपटायला लागलं. व्हीपीएन चालू असलं की बँकेचं ॲप आप्पांना चोर समजून दारातून परतवायचं. सातबारा बघावा तर सरकारी साइट उघडत नव्हती, कारण व्हीपीएनच्या हिशेबानं आप्पा हॉलंडात होते. दुसऱ्या एका साइटनं ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून नऊ चित्रं दाखवली आणि आग विझवायच्या पाण्याचा नळ ओळखायला सांगितला. तामलवाडीत रस्त्याकडेला असला नळ कुणाच्या बापानं बघितलाय? आप्पांनी हातपंप समजून काहीतरी दाबलं आणि माणूस नाही असं ठरले. जाहिराती मात्र डच भाषेत यायला लागल्या. त्यावर आप्पा बेहद्द खूश: “त्या मला कळत न्हाईत, म्हंजी मी बी त्येंना कळत न्हाई.” अधनंमधनं चूर्ण यायचंच. ते गुगलच्या खात्यामुळं, मी सांगितलं; खात्यातून बाहेर पडल्याशिवाय व्हीपीएनचा उपयोग अर्धाच. “खात्यात भजनं साठवलीत,” आप्पा म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

सोयाबीनच्या दिवसांत तर मूठ उघडीच. ई-पीक पाहणी २०२१ पासून आली. आपल्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, जागा फोनच सरकारला कळवतो. तिथं हॉलंड चालत नाही. सातबाऱ्यावर सोयाबीन चढलं नाही, तर हमीभावाच्या केंद्रावर दारात उभं करत नाहीत. आप्पांनी टिकली काढली, व्हीपीएन काढलं, लोकेशन लावलं आणि बांधावर मुकाट उभे राहिले.

पण त्यांना खरा दगा झाला तो नाक्यावर. आमच्या गावाची ओळख बाहेरच्यांना टोलनाक्यामुळं. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर ज्याची गाडी धावली, त्यानं तामलवाडीत पैसे मोजलेत. आप्पांचं घर नाक्याच्या अलीकडं की पलीकडं, हे मी लिहिणार नाही. त्यांना आवडायचं नाही. श्रावणात काकूंनी घर कडकडीत पाळलेलं. आप्पा ‘औषध आणतो’ म्हणून जीप काढून गेले आणि बाहेर रस्सा-भाकरी हाणून आले. जीपचा फास्टॅग पोराच्या नंबरवर. नाका ओलांडला, पैसे कटल्याचा मेसेज पुण्यात वाजला, पोरानं आईला फोन लावला: “आप्पा कुटं निगालेत?” हॉलंडवरून फिरवून आणलेली गुप्तता तामलवाडीच्या आडव्या दांडीखाली सापडली.

तेव्हा फास्टॅगशिवायही जाता यायचं. रोख दिले तर दुप्पट. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं दिले तर सव्वापट, पण त्याचा मेसेजही येतोच. म्हणजे झाकल्या मुठीचा भाव सव्वा लाख नसून दुप्पट टोल आहे, हे नाक्यावर ठरूनच गेलेलं होतं. मी हे आप्पांना दाखवून दिलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, जायचे आणि यायचे. कोरी पावती, ना नाव ना मेसेज. मग मान हलवली. “दुप्पट? रश्शापरीस जादा हुतंय.”

त्यानंतर ते एसटीनं जायला लागले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट, फक्त आधार दाखवायचं. एटीएमच्या आकड्यांना तिहेरी पडदा लावणारा हा माणूस गाडीत चढायच्या आधीच आधारकार्ड झेंड्यासारखं उंच धरतो. वर शेजारचा विचारतो, “आप्पा, कुटं चाललाव?” आणि आप्पा सविस्तर सांगतात. गावच्या माणसाला न सांगून कसं चालेल!

व्हीपीएनचा महिना संपला. पुन्हा भरलं नाही. एका दुपारी सेंटरवर आले, कोपऱ्यातला कंप्युटर मागितला. “तुज्याकडंच बगतो हिचं,” बसायची जागा चाचपत म्हणाले. “वळखीचा पोस्टमन बरा.” आता माझ्या त्या मशिनीवर योजनांचे फॉर्म भरताना कडेला चूर्ण येतं, आणि बायका माझ्याकडं कणवेनं बघतात.

सायबर कॅफेला २०११ चा नियम आहे: ओळखपत्र बघायचं, नाव-वेळ लिहायची, वर्षभर जपायचं. मी वही पुढं केली. आप्पांनी काही एक कुरकुर न करता पूर्ण नाव लिहिलं, वळणदार सही केली, खाली ‘सेवानिवृत्त’ असंही घातलं. मग पेन ठेवताना खाली वाकून विचारलं, “एवढं सोडून दुसरं काय लिवून ठिवत न्हाईस न्हवं माज्याबद्दल?”

“छे छे, आप्पा,” मी म्हटलं. “एक ओळसुद्धा नाही.”