उसनं नाक

"या, या. वास येतोय का?"

नानांच्या बसमध्ये पाहुण्याचं स्वागत असं होतं. पाण्याचं विचारणं नंतर.

नाना मूळचे कणकवलीकडचे. अमेरिकेत तीस वर्षं संगणकासमोर बसले, निवृत्त झाले आणि शाळेची जुनी पिवळी बस घेऊन आले. बाकडी उपटून तिथे पलंग, ओटा, देव्हारा बसवला. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात अशी फिरती घरं हजारोंनी मुक्कामाला येतात आणि त्यांत एखादे तरी नाना असतातच. बाकीचे सूर्यास्तावर बोलतात. नाना कंपोस्ट संडासावर बोलतात.

तेही पोहे खाताना, कारण तेव्हा उठून जाता येत नाही. लघवी आणि मैला एकत्र आले की युरियाचा अमोनिया होतो, सगळी बोंब तिथे. म्हणून भांड्यातच दोन वाटा: पुढची बाटलीत, मागची डब्यात. डब्यात जेमतेम ओला केलेला नारळाचा भुसा. काम झालं की दांडा फिरवायचा, आणि बारा व्होल्टचा एवढासा पंखा रात्रंदिवस हवा बाहेर ओढतो. बाटली एक-दोन दिवसांनी रिकामी करायची, डबा काही आठवड्यांनी.

"खत डब्यात होत नाही हो," हवेतच दांडा फिरवत नाना सांगतात, "तिथे नुसतं सुकतं. नीट कुजायला पुढे निदान वर्ष जातं."

एव्हाना पोह्यांवरचं खोबरंही भुशासारखं दिसायला लागलेलं असतं.

भुसा हा मात्र नानांचा हळवा विषय. ज्यांच्या परड्यात नारळाच्या सोडणांचे ढीग पडलेले असायचे, ते आता दाबलेल्या भुशाची वीट डॉलर मोजून घेतात. "आमच्या कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन जन्मभर सांगत होते, सोनखत करा. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी नाकं मुरडली," असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसतात. थोडाच.

नानांच्या बसमध्ये 'बसा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. संडासाच्या दारावर पाटी आहे: 'कृपया बसावे. सर्वांनी.' पहिल्या दिवशी मी जन्माच्या सवयीने उभा राहिलो. नाना काही बोलले नाहीत, मुकाट्याने डब्यातला भुसा बदलला. सकाळी पाटीवरच्या 'सर्वांनी'खाली लाल रेघ होती.

खरं तर वास येत नाही. पण रोजच्या वासाला नाक सरावतं हे नानांना पक्कं ठाऊक, म्हणून स्वतःच्या नाकावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. वहिनींचं नाक केव्हाच बाद झालंय. माझं दुसऱ्या दिवशी झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या टेक्सासवाल्या म्हाताऱ्याला चहाला ओढून आणलं. तो पायरीवरच थबकला, हुंगलं, भुवया वर गेल्या.

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी पंखा खोलला, नळी झटकली, डब्याच्या कडेचं रबर तपासलं. दीड तास गेला. मग वहिनी ओट्यापाशीच उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, आमटीला हिंग घातलाय."

म्हातारा दोन वाट्या आमटी पिऊन गेला. नाना अजून म्हणतात, हिंगाच्या आड काहीतरी होतं.

कधी तिकडे गेलात तर सर्दी असताना जाऊ नका. परत बोलावतात.